मागचा स्टॅबिलायझर किती जाड घ्यायचा

स्टॅबिलायझर म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारी सळई, गॅरेजच्या भाषेत बार. माझ्या गाडीला कंपनीचा मागचा स्टॅबिलायझर होता 16 मिलिमीटरचा. मी मागवला 22 चा. सहा मिलिमीटरनं काय आभाळ कोसळणार आहे, असं वाटलं. साताऱ्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये 26 वर्षं काढलेला माणूस मी. पिनेवर वीस मायक्रॉन जास्त राहिले तर पोराला परत ग्राइंडरवर पाठवतो. आणि स्वतःच्या गाडीखाली मात्र अंदाजपंचे सहा मिलिमीटर चढवून बसलो. मार्चमध्ये बार बसवला. तीन महिने कोरड्या रस्त्यावर गाडी अशी झोकात वळायची की कोपऱ्यावरच्या दुकानातलं सामान मी मुद्दाम दोन खेपांत आणायचो. जूनमध्ये पहिली सर पडून गेल्यावर यवतेश्वरचा घाट उतरत होतो. एका डाव्या वळणात वेग जरा जास्त वाटला म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि गाडीचं बूड मला मागं टाकून पुढं जायला निघालं. समोरून एसटी येत नव्हती, म्हणून आज हे लिहितोय.

गाडीचं मॉडेल मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लोक आकडा उचलतात आणि मोजमाप करत नाहीत. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत, दोन वेगळ्या सालांत, कंपनीनं वेगळ्या जाडीचे बार घातलेले असू शकतात. माझी पुढची चाकं ओढणारी आहेत आणि मागचं सस्पेन्शन स्वतंत्र, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वरखाली होणारं आहे, एवढं तुम्हाला पुरे.

गॅरेजात याला स्टॅबिलायझर म्हणतात, पार्टच्या दुकानात कधी अँटी रोल बार, भाच्याच्या व्हिडिओत स्वे बार. वस्तू एकच. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली सळई, मधला भाग दोन रबरी बुशांत गाडीच्या सांगाड्याला धरलेला, दोन्ही टोकं लिंक रॉडनं डाव्या-उजव्या चाकांच्या आर्मला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर सळई बुशात नुसती फिरते, काहीच करत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ती पिळली जाते आणि विरोध करते. म्हणून सरळ ओलांडलेल्या स्पीडब्रेकरवर तुम्हाला बार जाणवत नाही, वळणात जाणवतो. आणि एकाच बाजूच्या खड्ड्यात जाणवतो. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, आपल्या रस्त्यांसाठी ते महत्त्वाचं आहे.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढं. ओढायचं पुढच्या चाकांनीच, वळायचंही त्यांनीच. मग जोरात वळवलं की नाक बाहेरच्या बाजूला जात राहतं, स्टिअरिंग कितीही फिरवा. हाच अंडरस्टिअर. कंपन्या तो जाणूनबुजून ठेवतात, कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि अशी गाडी पाय उचलल्यावर आपोआप सावरते.

आता बार यात काय करतो ते. वळताना आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जातं, ते वेग, वळण, गाडीची उंची आणि चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. बार त्यात फारसा फरक पाडत नाही. बार ठरवतो तो वाटा: त्यातलं पुढच्या जोडीनं किती सोसायचं आणि मागच्या जोडीनं किती. टायरचा स्वभाव असा की वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत एका चाकावर फार आणि दुसऱ्यावर थोडं वजन होतं, त्या जोडीची मिळून पकड घटते. मागचा बार कडक केला की हे ओझं मागच्या जोडीवर जातं आणि पुढची जोडी सुटते. पाटाला पाणी तेवढंच असतं; दारं फिरवलं की एका वाफ्याचं दुसऱ्याला मिळतं. बार नवीन पकड आणत नाही. मागची काढून पुढं देतो. विकणारे यातला दुसराच अर्धा भाग सांगतात.

आधी टायर, मग बुश, मग बार

भाचा कराडला कॉलेजात आहे. त्याचा फोन आला, "मामा, माझी गाडी वळणात फार कलते, बार कुठला घेऊ?" मी विचारलं, टायर कुठल्या सालचे? त्याला माहीत नव्हतं. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. 3218 म्हणजे 2018 चा बत्तिसावा आठवडा. त्याचे निघाले 2716. नक्षी शिल्लक होती, पण रबर वाळून खापर झालेलं. अशा टायरवर बार बदलून काय ऐकू येणार? बिघडलेल्या तंबोऱ्यावर तबला लावण्यातला प्रकार.

म्हणून क्रम असा. पहिल्यांदा टायरचं साल आणि हवा. मग गाडी पिटवर घेऊन पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश, बॉल जॉइंट, आहेत ते लिंक रॉड हलवून बघा. खड्ड्यात टकटक आवाज येत असेल तर निम्म्या वेळा लिंक रॉड संपलेला असतो. जुन्या बारचा रबरी बुश ढिला असेल तर बार आहे त्या जाडीचं कामही पुरं करत नाही. नवे बुश घातले की लोकांना वाटतं गाडीच बदलली. शॉकअप गळतोय का तेही बघा. शेवटी अलाइनमेंट, आणि ते करताना मागच्या चाकांचा टो, म्हणजे ती पुढच्या कडेनं आत की बाहेर वळलेली आहेत, किती आहे त्याचा कागद मागून घ्या. मागची चाकं बाहेर फाकलेली असतील तर बूड आधीच सैल असतं, त्यावर जाड बार म्हणजे संकट.

एवढं झाल्यावर एक फुकटची चाचणी करा. दारावरच्या पट्टीवर जी हवा लिहिली आहे ती पुढं ठेवा, मागं तीन पीएसआय जास्त भरा, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या बरंच आत राहून. आठवडाभर रोजच्या रस्त्यावर चालवा. मागची पकड जरा कमी झाली की गाडीचं नाक कसं वागतं, याची थोडीशी चव त्यातून कळते. पुष्कळांना तेवढंच पुरतं. काहींना तेवढंही नको असतं, त्यांचे पैसे वाचतात. चाचणी झाली की हवा पूर्ववत करायला विसरू नका.

आता माझी पहिली चूक. बार बसवायच्या चार महिने आधी दोनच टायर नवे घेतले होते. गोडोलीला ज्यांच्याकडं मी गाडी नेतो ते तात्या म्हणाले, "साहेब, नवीन म्होरं टाकू. वडणारी चाकं म्होरची हायेत, झिजत्यात बी तीच." सगळे असंच करतात, मीही मान डोलावली. पण नवी जोडी मागं टाकायची असते. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि ते तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं. मागची सुटली तर कळेपर्यंत तोंड दुसरीकडं झालेलं असतं. टायर कंपन्याही हेच सांगतात. मी मागं ठेवले झिजके टायर, वर मागचाच बार तिप्पट-साडेतिप्पट कडक केला, आणि पहिल्या पावसात, म्हणजे रस्त्यावरची धूळ आणि तेल एकत्र कालवलेलं असताना, घाट उतरलो. त्या वळणाला मी दोष देत नाही.

गाडीखाली वाकून बघा

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागं स्वतंत्र सस्पेन्शन नसतंच. स्विफ्ट, पोलो, होंडा सिटी या सगळ्यांना मागं टॉर्शन बीम असतो: दोन आर्म आणि त्यांना जोडणारा एक आडवा, उघड्या खोबणीचा बीम. तो बीम वळणात स्वतःच पिळतो, म्हणजे निम्मा स्टॅबिलायझर तोच आहे. काही गाड्यांत त्याच्या खोबणीत एक सळई किंवा नळी आधीच बसवलेली असते. मागच्या बाजूनं टॉर्च मारून बघा. ती दिसली तर तुमच्याकडं बार आहे, फक्त तो बदलता येणारा नाही.

अशा गाडीसाठी जे मिळतं ते मूळ बारच्या जागी बसत नाही, ते वरून जोडायचं असतं. दोन आर्मच्या मधे आडवी एक सळई किंवा नळी, थेट बोल्टनं आवळलेली. लिंक रॉड नाहीत, फिरणारे बुश नाहीत. सगळा भार ब्रॅकेटवर आणि बोल्टवर. त्यामुळं इथं जाडीपेक्षा ब्रॅकेट बघा. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं, बीमवर कंपनीनं ठेवलेल्या भोकांत बसणारं असेल तरच घ्या. "कुठल्याही गाडीला बसतंय, दोन भोकं मारायची" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. बीम हा पिळण्यासाठीच बनवलेला पत्रा आहे. त्यात नवं भोक पाडलं की ताण त्या कडेला गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. बीमला वेल्डिंग तर अजिबात नको.

मागं स्वतंत्र सस्पेन्शन असेल आणि बार मुळातच असेल, तर काम सोपं आहे. जुना काढायचा, नवा त्याच जागी. पुढचं सगळं मुख्यतः तुमच्यासाठी.

व्हर्निअर आणि चौथा घात

जुना बार व्हर्निअरनं, म्हणजे जाडी मोजायच्या सरकत्या मापानं, मोजताना मधल्या सरळ भागावर मोजा, वाकलेल्या ठिकाणी नाही. चिखल आणि गंज पॉलिश पेपरनं काढा, रंगाचा थर धरू नका. तीन ठिकाणी मोजा आणि दर ठिकाणी आडवं-उभं दोन्ही. हे मी नवशिक्या पोरांना रोज सांगतो, तुम्हालाही सांगतो.

भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. जाडी दुप्पट तर कडकपणा सोळापट. त्यामुळं इथं मिलिमीटर दिसतात तेवढे लहान नसतात. 16 चा 17 केला तर 27 टक्के वाढ. 18 केला तर 60 टक्के. 19 केला की जवळजवळ दुप्पट. आणि माझा 22? तो 3.57 पट. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं गणित. मी ते घाटातून घरी आल्यावर, हात थरथरायचे थांबल्यावर केलं. ही माझी दुसरी चूक.

जाड बारवर टक्के बदलतात तेही बघा. तुमचा 20 चा असेल तर 22 म्हणजे 46 टक्के. 22 चा असेल तर 24 म्हणजे 42. म्हणून "दोन मिमी वाढवा" हा सल्ला अर्धवट आहे. कशाच्या वर दोन, हे विचारा.

माझं मत सांगतो. रोज वापरायच्या गाडीला, बायको-पोरं मागं बसणार असतील तर, मूळ बारच्या दीडपटीच्या आसपास थांबा. जास्तीत जास्त 60 टक्के. मागचा एकूण कडकपणा म्हणजे स्प्रिंग अधिक बार, त्यामुळं बार दीडपट केला तरी गाडी दीडपट बदलत नाही. फरक बेताचाच पडतो, पण चांगला कळतो. त्याच्या पुढं शर्यतवाल्यांचा प्रांत. आणि तिथंही एक हद्द आहे. बार इतका कडक झाला की वळणात आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं जातं. जुन्या गोल्फ जीटीआयचे असे फोटो तुम्ही पाहिले असतील, आतलं मागचं चाक कुत्र्यानं तंगडी वर करावी तसं हवेत. एकदा ते चाक उचललं की मागून घेण्यासारखं काही उरत नाही. आणखी जाड बार घालून आणखी फायदा मिळत नाही.

पुढच्या बारची जाडी बघून "पुढं 24 आहे तर मागं 24" असा हिशेब करू नका. बारच्या वाकवलेल्या बाजूची लांबी आणि लिंक कुठं जोडलाय यावर खरा परिणाम ठरतो, नुसते दोन आकडे शेजारी ठेवून नाही. आणि हो, पुढचाच बार जाड करू नका. तुमची तक्रार नाक सरळ जाण्याची असेल तर साधारणपणे तो तिच्यात भरच घालेल.

पोकळ बारही मिळतात. पिळताना मधला गाभा फारसं काम करत नाही, म्हणून तो काढला तरी चालतं. बाहेरून 20 मिमी आणि भिंत 3 मिमीची असेल तर कडकपणा साधारण 18.7 मिमी भरीव बारइतका, आणि वजन जेमतेम 60 टक्के. चांगली वस्तू. पण विकणारा नुसतं "20 एमएम" सांगत असेल तर भिंत विचारा. उत्तर मिळालं नाही तर वजन विचारा आणि बांधकामवाले वापरतात ते सूत्र लावा: व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. 18 मिमीचं उत्तर बरोबर 2 किलो येतं. वाकणं धरून पूर्ण लांबी दोरीनं मोजा, गुणा. काट्यावर निम्मंच भरलं तर आत हवा आहे.

एमआयडीसीत बनवून घेऊ का?

साताऱ्यात हा प्रश्न येणारच. घरटी एक माणूस लेथवर आहे. "बार म्हणजे काय, वाकवलेली सळई! आपल्याच शेडमध्ये वाकवू." मलाही चार जणांनी हे सुचवलं, आणि त्यातला एक मीच.

इथं एक गंमत आहे, जी बऱ्याच जाणत्यांनाही उलटी वाटते. साधं माइल्ड स्टील आणि स्प्रिंग स्टील, एकाच जाडीचे, एकाच आकाराचे, तर कडकपणा दोघांचा जवळजवळ सारखाच. हार्डनिंग, म्हणजे तापवून झटकन थंड करणं, केल्यानं बार जास्त कडक होत नाही. फरक पडतो तो परत मूळ जागी येण्यात. माइल्ड स्टील थोडं जास्त पिळलं की तसंच राहतं. स्प्रिंग स्टील, म्हणजे ईएन 45 किंवा ईएन 47 सारखं, नीट हार्डनिंग आणि टेंपरिंग केलेलं, लाखो वेळा पिळून सरळ होतं. म्हणजे शेडमध्ये बनवलेला बार पहिल्या दिवशी झकास वाटेल. सहाव्या महिन्यात कुठल्या बाजूला बसलाय ते कळणार नाही.

आणि हे फक्त शेडमधल्या बारचं नाही. माझा 22 चा बार मी काढला तेव्हा कामावर नेऊन सरफेस प्लेटवर, म्हणजे तपासणीच्या अगदी सपाट पाटावर, ठेवला. एक टोक टेकलं, दुसरं 4 मिलिमीटर वर. तीन महिन्यांत. रॉकवेलवर, म्हणजे धातूचं काठिण्य एचआरसी या मापात दाखवणाऱ्या यंत्रावर, ठोसा मारून बघितला. असा बार साधारण 40 ते 50 एचआरसीमध्ये असायला हवा. यानं 20 सुद्धा दाखवले नाहीत. लाल पावडर कोटिंगखाली साधी सळई होती. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्यानं हसरा चेहरा पाठवला. ही तिसरी चूक, मटेरियल न विचारता घेतला. तेव्हा विचारायचंच: ग्रेड कोणती, हार्डनिंग-टेंपरिंग केलंय का, टोकं घडवलेली आहेत की वेल्ड केलेली. स्प्रिंग स्टीलवर वेल्डिंग केलं की शेजारचा भाग ठिसूळ होतो. टोकाला वेल्ड केलेली चकती दिसली की मी पुढं बघत नाही. लेथवाल्या मित्रांकडून ब्रॅकेटचे स्पेसर, नवे बोल्ट, बुशच्या पट्ट्या खुशाल बनवून घ्या. बार नको.

भोकं, बुश आणि बसवणं

शक्य असेल तर टोकाला दोन किंवा तीन भोकं असलेला बार घ्या. लिंक जितका टोकाकडं, तितका बारचा आर्म, म्हणजे वाकवलेली बाजू, लांब आणि बार मऊ. आतल्या भोकात लावला की कडक. आर्म 250 मिमीचा 225 झाला तर सुमारे 23 टक्के वाढ, एक पैसा न घालता. मी दुसऱ्यांदा घेतला तो 18 चा भरीव, दोन भोकांचा, आणि तो आजही बाहेरच्या, मऊ भोकात आहे. आतलं भोक एक दिवाळीत लावून बघितलं होतं. पंधरा दिवसांत परत बाहेर आणलं.

बुश नव्या जाडीचेच हवेत. 18 च्या बारला 16 चा बुश रेटून आवळला तर बार फिरणारच नाही, सस्पेन्शन अडकल्यासारखं होईल. पॉलियुरेथेनचे बुश मिळतात, ते टिकतात, पण कोरडे राहिले की दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरतात. त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावा. आणि रबरी बुशाला चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस चोपडू नका, रबर फुगून खराब होतं. रोज गाडीत बसणाऱ्या माणसानं रबरीच घ्यावेत असं माझं मत. आवाज नाही, काळजी नाही.

बसवताना एकाच बाजूला जॅक लावून काम करू नका. एक चाक लटकलं आणि दुसरं जमिनीवर राहिलं की बार पिळलेला असतो. लिंकचा बोल्ट निघताना हाताला झटका देतो आणि घालताना भोक जुळत नाही. मग लोक हातोडी घेतात. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत: दोन्ही रॅम्पवर, नाहीतर दोन्ही लटकलेली आणि खाली पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. लिंकचे नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, नट नवे घ्या, आणि टॉर्क मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पान्यानं द्या. तात्यांचा "हाताला कळतंय की" हा टॉर्क मी मान्य करत नाही, आणि हे त्यांना माहीत आहे.

आवळल्यावर सायलेन्सर बघा. जाड बार पाइपच्या जवळ येतो. चाकं लटकलेली असताना आणि गाडी जमिनीवर टेकलेली असताना, दोन्ही वेळा, बार आणि सायलेन्सर, टाकी, ब्रेकची नळी यांच्यात बोट फिरलं पाहिजे. मग मागं तिघांना बसवून परत बघा. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा तपासा.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काही करू नका. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. कळवला नाही आणि पुढं क्लेम आला तर वाद घालायला त्यांच्या हातात कारण मिळतं.

घाट ही चाचणीची जागा नाही

यवतेश्वर, पसरणी, खंबाटकीच्या बोगद्यापलीकडचं ते एस वळण, यातलं काहीही चाचणीसाठी नाही. तिथं दुसऱ्यांच्याही गाड्या असतात.

मी सुट्टीच्या दिवशी, परवानगी काढून, एका बंद शेडसमोरचं डांबरी आवार वापरलं. रंगाचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे गोल मांडले, त्रिज्या 15 मीटर. दगड मांडू नका. एवढ्या गोलात कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड ताशी 35 किलोमीटरच्या आसपास संपायला लागते, म्हणजे जे काही व्हायचं ते सायकलच्या जरा वरच्या वेगात होतं. दुसऱ्या गिअरमध्ये वेग हळूहळू वाढवत फिरत राहायचं. स्टिअरिंग किती जास्त वळवावं लागतंय ते बघायचं. जुन्या बारवर आधी करा, मग नव्यावर, त्याच दिवशी, त्याच हवेवर. नाहीतर तुलना कशाशी?

मग खरी परीक्षा. तोच गोल, तोच वेग, आणि पाय उचला. आधी अलगद, मग झटकन. मूळ बारवर नाक आत येईल आणि गाडी सावरेल. बेताच्या नव्या बारवर नाक आत येईल आणि बूड थोडंसं हलकं वाटेल, तेवढंच. बूड निघूनच गेलं तर बार तुमच्यासाठी जाड आहे, बाहेरच्या भोकात न्या. पाण्याचा टँकर बोलावून आवार ओलं करून हेच परत केलंत तर फारच चांगलं. मी दुसऱ्यांदा ते केलं. पहिल्यांदा केलं असतं तर यवतेश्वरला गेलोच नसतो.

बूड सुटलंच तर ब्रेक नको. जिकडं जायचंय तिकडं नजर आणि स्टिअरिंग, आणि पुढची चाकं ओढणारी असल्यामुळं ॲक्सिलरेटर अगदी हलका द्यायचा. वाचून हे जमत नाही, म्हणून तर ते डबे.

18 चा बार लागून आता तीन पावसाळे झाले, मागं नवे टायर. आईला सज्जनगडाला घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, गाडी पहिल्यासारखी झुलत नाही, मळमळलं नाही. परतीला साताऱ्याच्या बोगद्याजवळ डाव्या चाकाखाली खड्डा आला. तेव्हा म्हणाली, "हे मात्र थेट कमरेत आलं रे." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही त्याच बारमुळं.

भाच्यानं शेवटी बार घेतला नाही. चार टायर घेतले, बीमचे बुश बदलले. माझ्या लाल 22 वर त्याचा डोळा होता, पण तो मी तात्यांना देऊन टाकला. ते त्यानं इंजिन उचकटून माउंटिंगचे बोल्ट जुळवतात. मध्यंतरी बघितला तर आणखी वाकलाय. म्हटलं, तात्या, टाकून द्या आता. तात्या म्हणाले, "असू द्या साहेब. हितं वाकला तर वाकला."